लाओसमध्ये वर्षभर शिकवायला जायचंय : न फुटलेल्या बॉम्बींविषयी नेमकं काय माहीत असावं?

शाळामास्तरीण

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून वर्षभरासाठी लाओसच्या शिएंग खुआंग प्रांतात, फोनसावानपासून तासाभरावरच्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचं नक्की झालं आहे. मुलं ११ ते १७ वयाची. लाओ, ह्मोंग आणि ख्मू घरांतली.

इतिहास वाचून झाला आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने ५ लाख ८० हजार फेऱ्यांत २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत २७ कोटी छोट्या बॉम्बी (एका मोठ्या क्लस्टर बॉम्बमधून विखरणारे लहान बॉम्ब) होत्या आणि पार ३० टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत. हे सगळीकडे सापडतं. पण एवढ्या माहितीवर वर्गात उभं राहता येणार नाही. या मुलांचे आईवडीलही बहुतेक युद्ध संपल्यावर जन्मलेले. म्हणजे ज्यांनी युद्ध पाहिलंच नाही त्यांची ही दुसरी पिढी, तरी रोजची वाट त्याच जमिनीतून.

माझ्या शंका अगदी कामापुरत्या आहेत. शाळेला परसबाग करायची आहे, तर जमीन साफ आहे हे कशावरून ओळखायचं? पन्नास वर्षं झाली तरी या वस्तू फुटतात कशा? १४-१५ वर्षांच्या पोरांना 'हात लावू नका' हे पहिलीपासून ऐकवलेलं असतं, त्यांना वेगळं काय सांगायचं? वर्गात एखादं मूल पाय किंवा हात गमावलेलं असेल तर कशाची तयारी हवी? आणि दहावी-बारावीनंतर तिथली मुलं जातात कुठे?

माहीतगारांनी लिहावं.

---

खणती

ताई, एकेक घेतो. लांबेल.

तुम्हाला तिकडे सर्वांत जास्त ऐकू येणार ती बॉम्बी म्हणजे बहुधा बीएलयू-२६. सीबीयू-२४ नावाच्या बॉम्बचं कवच हवेत उभं दुभंगायचं आणि आतून अशा सुमारे ६७० बॉम्बी विखरायच्या. एकीचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आत, वजन ४३० ग्रॅमच्या आसपास, आत सुमारे ८५ ग्रॅम स्फोटक आणि धातूच्या कवचात ओतलेल्या ३०० च्या घरात पोलादी गोळ्या. मारायचं काम त्या गोळ्या करतात. बाहेरून कवचावर उंचवटे असतात, त्यांनी ती पडताना गरगर फिरते आणि फिरण्याच्या जोरावर फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) फुटायला तयार होतो. मग जमिनीवर आपटली की फुटायची.

न फुटण्याची कारणं अनेक. भाताच्या चिखलात पडली, बांबूच्या बेटात अडकून वेग मोडला, फार कमी उंचीवरून टाकली म्हणून पुरेशी फिरलीच नाही. यातली कुठली बॉम्बी अजिबात तयार झालेली नाही आणि कुठली तयार होऊन शेवटच्या क्षणी अडली, हे बाहेरून पाहून कोणालाच कळत नाही. मला कळत नाही, तिथल्या पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसालाही नाही. स्फोटक पन्नास वर्षांत निकामी होत नाही. गंजतो तो आतला नाजूक भाग, आणि गंजल्याने तो सुरक्षित होत नाही, बेभरवशाचा होतो.

दिसायला आता ती मातकट, गंजकट गोळा. ओल्या जमिनीत ढेकूळ आणि तिच्यात फरक दिसत नाही. लाओसमध्ये फ्रेंचांच्या काळापासून पेतांकचा खेळ गल्लोगल्ली चालतो. त्या खेळातला लोखंडी गोळा ७ ते ८ सेंटिमीटरचा. बॉम्बी त्याहून थोडी लहान आणि हलकी. लहान पोराच्या हातात ती बरोबर मावते.

हिच्याखेरीज पंखवाली पिवळी बीएलयू-३, तोफगोळे, हातबॉम्ब, मोठे ५०० आणि ७५० पौंडी बॉम्ब, आणि पांढऱ्या फॉस्फरसचे गोळे. हा शेवटचा प्रकार फुटला नाही तरी कवच चिरलं आणि हवा लागली की पेटतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि बाहेरून येणारी माणसं नेमकं हेच विसरतात : विस्तव. लोकांना वाटतं बॉम्बी उचलल्याने, कुदळ लागल्याने फुटते. फुटतेच. पण जिला कोणी हातही लावलेला नाही अशी चार बोटं खोल पुरलेली बॉम्बी वर शेकोटी पेटवल्याने फुटते. फोनसावान समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो. गुरं राखणारी पोरं सकाळी कुठेही काटक्या गोळा करून शेकत बसतात, गोल करून, तोंडं आत. शाळेतही थंडीत हेच, आणि वर्षभर कचरा जाळणं वेगळं. तेव्हा :

शेकोटी आणि कचरा जाळायची जागा वर्षभर एकच ठेवा, तीही साफ झालेल्या हद्दीत. तिथेही जमिनीवर न पेटवता अर्धं कापलेलं लोखंडी पिंप विटांवर उचलून ठेवा, खाली वीतभर मोकळी हवा राहील असं. 'परवाच तर इथे पेटवली होती, काही झालं नाही' हा युक्तिवाद चालवून घेऊ नका. परवा जाळ लहान होता किंवा अर्ध्या हातावर होता, एवढाच त्याचा अर्थ.

आता जमीन. साफ झालेल्या जमिनीचा कागद असतो. गावातल्या लोकांना विचारून पाहणी होते, मग प्रत्यक्ष तपासणी. त्यात जमिनीचे ५० बाय ५० मीटरचे चौकोन पाडून यंत्र फिरवतात. जिथे सापडतं तिथून धोक्याच्या क्षेत्राची हद्द आखली जाते. त्यानंतर खरी सफाई : मीटरभर रुंदीच्या दोरीच्या पट्ट्या, धातुशोधक (बहुतेक जर्मन बनावटीचे व्हॅलन), प्रत्येक आवाजाला बाजूने तिरकं खणणं. वरून खुरपं मारायचं नाही. काम संपलं की क्षेत्राचा नकाशा आणि कागद गावच्या मुखियाकडे, नाय बानकडे, जातो. यूएक्सओ लाओ (सरकारी संस्था, १९९६ पासून) किंवा मॅग (सुरुंग-बॉम्ब साफ करणारी ब्रिटिश संस्था, १९९४ पासून तिथे) यांपैकी कोणी काम केलं तेही त्यावर असतं.

हा कागद मागा आणि त्यात तीन गोष्टी पाहा. हद्द कुठून कुठे, किती खोल, आणि कशासाठी. शेतजमिनीची नेहमीची खोली २५ सेंटिमीटर असते. परसबागेला पुरते, संडासाच्या खड्ड्याला पुरत नाही, विहिरीला, इमारतीच्या पायाला, झेंड्याच्या खांबालाही नाही. त्यासाठी वेगळी, खोल तपासणी मागावी लागते, आणि ती सहज मिळते असं नाही, नंबर लागतो. म्हणून बांधकामाचा विचार असेल तर पहिल्याच महिन्यात अर्ज करा.

परसबागेत गडबड कुठे होते? दोन वाफे वाढवायचे म्हणून हद्दीबाहेर चार पावलं सरकतात. उतार सपाट करायला बाहेरून माती आणतात, आणि ती माती कुठल्या टेकाडाची ते कोणी विचारत नाही. तिसरं म्हणजे पाऊस. मे ते ऑक्टोबर तिथे धो धो पडतो, वरच्या न तपासलेल्या उतारावरची माती खाली वाहून येते. बाग उताराच्या पायथ्याशी करू नका.

एक फुकटचा सल्ला : शाळेच्या आवारात खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटल्यांची बुचं पडू देऊ नका. सफाईवाल्यांचं यंत्र प्रत्येकाला ओरडतं आणि प्रत्येक आवाज खणावा लागतो. एका बॉम्बीमागे कित्येक बुचं निघतात. आवार स्वच्छ असेल तर दोन दिवसांचं काम एका दिवसात होतं.

---

फोनसावानकर

खणती यांचं जमीन आणि विस्तवाबद्दलचं सगळं शिरसावंद्य. मुलांबद्दल मी लिहितो.

'हात लावू नका' हे तिथल्या मुलांना पाठ आहे. प्राथमिक शाळेत तो विषय शिकवतात, बाहुल्यांचे खेळ होतात, गाणी आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलांना त्याचा उपयोग होतो, कारण ती खरोखरच अजाण असतात. युद्धानंतरच्या बळींत सुमारे ४० टक्के मुलं आहेत, आणि त्यांत मुलगे फार. पण १४ ते १७ चा मुलगा अजाण नसतो. त्याला माहीत असतं आणि तरी तो हात लावतो. कारणं दोन : भंगाराचा पैसा आणि मर्दुमकी.

त्यात तिसरी गोष्ट मिसळते, ती बोलायला अवघड आहे. त्याने बापाला भाताच्या खाचरातली बॉम्बी उचलून बांधाकडेला ठेवताना पाहिलेलं असतं. आजोबांनीही तेच केलेलं. जमीन कसायची तर दुसरा मार्ग नव्हता. सफाईची तुकडी गावात यायला वीस-तीस वर्षं लागली. 'बाबांनी इतक्या उचलल्या, काही झालं नाही.' अशा पोराला भित्तिचित्र दाखवून काहीही होणार नाही, कारण त्याचा पुरावा तुमच्या चित्रापेक्षा भक्कम आहे. आणि बापाला मूर्ख ठरवलंत तर वर्ग कायमचा हातचा गेला.

तुम्ही गणित शिकवणार आहात, तर हे गणितातून करा. समजा (हा आकडा निव्वळ समजुतीचा, खरा नव्हे, हे मुलांना स्वच्छ सांगा) एकदा उचलल्यावर फुटण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग २० वेळा उचलून एकदाही न फुटण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ८२ टक्के. ५० वेळांना ६० टक्के. १०० वेळांना ३७ टक्के. आता वर्गाला विचारा : गावात शंभर बाप असतील आणि प्रत्येकाने ५० वेळा उचललं असेल, तर किती जण 'मला काही झालं नाही' म्हणायला उरले? साठ. आणि उरलेल्या चाळीस जणांचं कोण ऐकणार? मुलं हे पटकन पकडतात, कारण त्यात कोणाच्याच बापाचा अपमान नाही. शंभर चिठ्ठ्या आणि एक डबा घेऊन करूनही दाखवता येतं; चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायची, नाहीतर गणित चुकतं.

दुसरं : 'धातू दिसला की लांब' हा नियम तिथे टिकत नाही. घराचं कुंपण क्लस्टर बॉम्बच्या दुभंगलेल्या कवचाचं. त्यातच कांद्याची पात लावलेली, डुकराचं खाणंही त्यातच. काही शाळांची घंटा बॉम्बच्या कवचाची. बान नाफिया गावात युद्धाच्या भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात आणि ते बाजारात विकतात. मुलाला घरात धातू जन्मापासून ओळखीचा आहे. म्हणून नियम असा द्या : गावात आधीच वापरात आहे त्याच्याशी तुला कर्तव्य नाही, जमिनीतून वर येतंय ते तुझं नाही, कितीही ओळखीचं वाटो. हा नियम मुलं पाळू शकतात.

आणि दिसलं तर काय करायचं, हे सांगून भागत नाही, करून घ्या. तोंडी परीक्षा नको, मैदानावर तालीम हवी. थांब. बाकीच्यांना ओरडून थांबव. आलास त्याच पावलांवर माघारी फिर. जिथे आहेस तिथूनच खूण कर : दोन फांद्या आडव्या, झाडाला फडकं. खुंटी ठोकायची नाही. मोठ्या मुलांकडे फोन असतो, त्यांनी जागेवरूनच झूम करून फोटो घ्यायचा आणि नकाशावर ठिकाण साठवायचं. 'अजून जवळून घे' म्हणणारा एक मित्र हमखास असतो, त्यालाही तालमीत घ्या. मग शिक्षक किंवा नाय बान, तिथून यूएक्सओ लाओच्या प्रांतिक कार्यालयाला फोन.

तुकडी त्याच दिवशी येईलच असं नाही. मधल्या दिवसांत खूण पडते, गुरं तुडवतात, फडकं कोणी नेतं. त्यामुळे कळवून झाल्यावर रोज लांबून खूण पाहायची जबाबदारी नाव घेऊन एका मोठ्या माणसावर टाका. मुलावर नाही.

तुकडी आली की बॉम्बी उचलून नेत नाही, जागेवरच उडवते : वाळूच्या पोत्यांचा आडोसा, शेजारी छोटा स्फोटक भार, लांबून तारेने. आधी भोंग्यावरून सांगतात, वाटांवर माणसं उभी करतात. शाळेला कळवलेलं असतं. त्या वेळी हजेरी घ्या. धडाका झाल्याबरोबर तुकडे वेचायला पळणारी मुलं असतात, आणि तुमच्या यादीतलं कोण गायब आहे ते तेव्हाच कळलं पाहिजे.

---

नगरी

या भंगाराच्या मुद्द्याला आमच्याकडे लाओसपर्यंत जायची गरज नाही. नगरजवळच्या के. के. रेंजवर लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, आजूबाजूच्या गावांतले लोक भंगारासाठी तोफगोळ्यांचे तुकडे वेचतात, आणि जिवंत गोळा हाताळताना माणसं मेलेली आहेत. धोका माहीत नाही असं तिथेही कोणी म्हणणार नाही. किलोचा भाव आणि दिवसाची मजुरी यांतलं अंतर बघा, म्हणजे उत्तर मिळेल.

---

शाळामास्तरीण

वाचते आहे, वहीत उतरवते आहे. गणिताचा तास आवडला. मग विज्ञानाच्या तासाला फ्यूज कसा काम करतो ते शिकवलं तर? अपकेंद्री बल अभ्यासक्रमात आहेच. गरगर फिरून तयार होणारा फ्यूज हे उदाहरण मुलांना जवळचं वाटेल.

---

खणती

नको. अगदी स्पष्ट नको.

वर मी जेवढं लिहिलं तेवढंही वर्गात सांगू नका. १५ वर्षांच्या हुशार पोराला यंत्रणा समजली की त्याला दोन गोष्टी वाटतात : आपण ओळखू शकतो ही 'तयार' आहे की नाही, आणि आपण ती उघडू शकतो. भंगारवाल्याला रिकामं कवच हवं असतं, त्यामुळे उघडता येणारा पोरगा गावात भाव खातो. अपकेंद्री बलाला बॉम्बी सोडून हवं ते उदाहरण घ्या. गोफण घ्या.

शिकवायचंच तर गंज शिकवा. एकाच मापाचे दहा खिळे, एक कोरडा, एक पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात, एक चिखलात, असे दोन महिने ठेवा आणि कुठला किती झिजला ते आधी ओळखायला सांगा. अंदाज चुकतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या आत काय झालंय ते सांगता येत नाही, एवढं डोक्यात गेलं की झालं. बॉम्बीचं नावही काढावं लागत नाही.

खोट्या बॉम्बी वर्गात फिरवायलाही माझा विरोध आहे. हाताला सवय लागते. भिंतीवर चित्र पुरे.

---

फोनसावानकर

खिळ्यांचा प्रयोग मीही उचलतो, सहमत.

एक राहिलं. ह्मोंग मुलांच्या घरी लाओ वाचणारं कोणी नसू शकतं, विशेषतः आजी. सूचनांचे फलक लाओ लिपीत. मुलांकडून निरोप ह्मोंगमध्ये तोंडी पोचवा. ह्मोंग नववर्ष साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतं. तेव्हा तरुण मुलंमुली समोरासमोर ओळीत उभी राहून चेंडू टाकतात, झेलतात. लग्नं जमण्याचा तो मोसम. नवीन मोकळी जागा सणासाठी ठरत असेल तर ती कागदावरच्या हद्दीत आहे का, हे आठवडाभर आधी कोणीतरी विचारायला हवं. शिक्षकाने विचारलं तर वावगं दिसत नाही.

---

हाडवैद्य

अवयव गमावलेल्या मुलांबद्दल मी लिहितो, कारण यात बहुतेक शिक्षकांना एक गोष्ट सांगितलेली नसते : मूल वाढतं, पाय वाढत नाही.

मोठ्या माणसाचा कृत्रिम पाय तीन-चार वर्षं जाऊ शकतो. वाढत्या मुलाचा साधारण सहा महिने ते वर्षभरात लहान पडतो. शिवाय मुलांमध्ये कापलेलं हाड टोकाशी वाढत राहतं, विशेषतः गुडघ्याखाली आणि दंडात, आणि आतून कातडीला टोचायला लागतं. कधी कधी बाहेरही येतं. मग पुन्हा शस्त्रक्रिया. वयाच्या आठव्या वर्षी पाय गेलेल्या मुलाला वाढ थांबेपर्यंत हे एकाहून जास्त वेळा सोसावं लागू शकतं.

शिक्षकाला हे सर्वांत आधी दिसतं, कारण तो रोज पाहतो. खुणा : लंगडणं अचानक वाढलं, पाय काढल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासातही जात नाही, दोन्ही खांदे एका पातळीत नाहीत, आणि सर्वांत पक्की खूण, मूल पाय घरी ठेवून कुबडीवर यायला लागतं. आपण म्हणतो आळस. तो आळस नसतो, पाय टोचत असतो.

राजधानी व्हिएन्तियानमध्ये कोप हे केंद्र १९९७ पासून सरकारी पुनर्वसन केंद्राबरोबर काम करतं. ज्यांना परवडत नाही त्यांचा उपचार, प्रवास आणि राहणं यांचा खर्च ते उचलतात. फोनसावानहून व्हिएन्तियान सुमारे ४०० किलोमीटर, रस्ता घाटाचा, पूर्ण दिवस जातो. खरी अडचण पैशाची कमी आणि माणसाची जास्त असते : मुलाबरोबर आठ-दहा दिवस कोण जाणार? भातलावणी किंवा कापणी सोडून बाप निघत नाही. म्हणून तारीख हंगामाबाहेरची घ्या आणि दोन महिने आधीपासून घरी बोलत राहा.

वर्गात काय करायचं :

ऐकू येतं का ते पाहा. जवळच्या स्फोटात कानाचा पडदा फाटतो, आणि पाय किंवा हाताच्या गडबडीत कान कोणी तपासत नाही. 'लक्ष नसतं, मठ्ठ आहे' असं ज्याच्याबद्दल सांगतील त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. बरा कान तुमच्याकडे येईल असं बसवा.

हाताने उचललेल्या बॉम्बीने बोटं आणि डोळे एकत्र जातात, कारण वस्तू छातीजवळ धरून पाहिलेली असते. फळ्यावर अक्षर मोठं काढा, बाकी उपाय त्या मुलालाच विचारा.

संडास उकिडवं बसायचा असेल तर भिंतीला छातीच्या उंचीवर एक आडवा बांबू घट्ट बसवा. मुली शाळा सोडतात त्यामागे कधी कधी एवढंच कारण असतं.

अंगात राहिलेल्या पोलादी गोळ्या सगळ्या काढत नाहीत, काढायची गरजही नसते. पण हे मूल पुढे थायलंडला कामाला गेलं आणि तिथे कोणी एमआरआय करायला घेतलं, तर 'माझ्या अंगात लोखंड आहे' हे त्याने आधी सांगितलं पाहिजे. चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवायला लावा, लाओ आणि थाई दोन्हींत.

आपल्याकडचे वाचक जयपूर फूटबद्दल विचारतील म्हणून : १९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, तो अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठीच. लाओसमध्ये मुख्यतः रेडक्रॉसच्या पद्धतीचा पॉलीप्रॉपिलीनचा पाय बनवतात. गरज तीच आहे : भाताचं खाचर. चिखलपाण्याने पाऊल लवकर खराब होतं, म्हणून शेतातून आल्यावर धुऊन सावलीत वाळवायला शिकवा.

आणि प्रथमोपचार. स्फोट झाला तर धावत जाऊ नका. एक बॉम्बी जिथे असते तिथे तिच्याबरोबर पडलेल्या इतर असू शकतात. मुलाला ओरडून सांगा, हलू नकोस. मळलेल्या वाटेने किंवा त्याच्याच पावलांवरून पोचा. रक्त वाहत असेल तर जखमेवर थेट दाब; हात-पाय तुटला असेल तर पट्टा. पट्टा चार-पाच सेंटिमीटर रुंद हवा, दोरी नको, ती मांस कापते आणि रक्त थांबवत नाही. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा. वेळ कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहा. मध्येच सैल करून 'रक्त खेळवायचं' हा जुना सल्ला विसरा. जाताना भारतातून दोन तयार टूर्निके (रक्त थांबवायचे असेच पट्टे) घेऊन जा, एक शाळेत, एक पिशवीत.

---

फोनसावानकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही, तर थोडक्यात.

तिथे शाळा पाच अधिक चार अधिक तीन अशी आहे. गळती चारच्या टप्प्यात होते. एक वाट थायलंडची : बांधकाम, हॉटेलं, घरकाम. दुसरी शेती, आणि इथे नवीन धोका आहे. कसावाचं (साबुदाण्याच्या कंदाचं) पीक लाओसभर वाढलं. पडीक जमीन त्यासाठी ट्रॅक्टरने फोडतात, आणि आजोबांच्या कुदळीने जिथे कधी हात घातला नव्हता तिथे फाळ जातो. ट्रॅक्टर चालवणारा बहुधा विशीतला. तुमच्या वर्गातल्या मोठ्या मुलांना हे नांगरणीआधी, म्हणजे पावसाच्या तोंडाला, सांगा. मोसम उलटून गेल्यावर नाही.

तिसरी वाट सफाईचीच. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना तिथे नोकरी मिळते, प्रशिक्षण देतात, मॅगच्या तर फक्त बायकांच्या तुकड्याही आहेत. खेड्यात महिन्याच्या महिन्याला पगार देणारी कामं थोडी, त्यामुळे मुलींच्या घरात या नोकरीने बराच फरक पडतो. पण पैसा परदेशी देणगीचा. २०१६ मध्ये ओबामांनी व्हिएन्तियानला येऊन तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले तेव्हा भरती वाढली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा अशा कामांचे पैसे जिथल्या तिथे अडकले. मुलीने विचारलं तर तिला नोकरी चांगली आहे असं सांगा, आणि त्याबरोबर इंग्रजी किंवा हिशेब शिकून ठेव हेही सांगा.

---

शाळामास्तरीण

सगळ्यांचे आभार. दोनच शंका. मुलांना प्लेन ऑफ जार्सला (दगडी रांजणांच्या पुरातन पठारावर) सहलीला नेता येईल का? आणि हे सगळं संपायला अजून किती वर्षं?

---

खणती

नेता येईल. २०१९ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. मुख्य जागा साफ केलेल्या आहेत आणि जमिनीत मॅगच्या लाल-पांढऱ्या खुणा बसवल्या आहेत. पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासलेली, लाल बाजूची फक्त वरवर पाहिलेली. ओळीने चालवा, पुढे एक शिक्षक, मागे एक, आणि लघवीला आडोशाला जायचं नाही हे निघण्याआधी सांगा. सहलीत मुलं वाट सोडतात ती बहुतेक याच कारणाने.

क्लस्टर बॉम्बविरोधी करार लाओसला १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला, त्यात सफाईला दहा वर्षं होती. २०२० ची मुदत २०२५ झाली, मग २०३०. आणखी वाढेल. अमेरिका त्या करारात नाही, भारतही नाही. तुमच्या आत्ताच्या अकरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची मुलंही तालीम करतील असं धरून चाला.

बाजारातून चमचे आणा, बॉम्बीचं कवच आठवण म्हणून आणू नका, विमानतळावर अडकाल. आणि प्रवास विम्याची पॉलिसी आत्ताच उघडून पाहा. युद्धामुळे झालेली इजा बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते, जुन्या युद्धातली न फुटलेली सामग्री त्यात धरतात का ते कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर धरू नका.